आप्पा, तुम्ही घेऊ न दिलेल्या तीन ट्रॅक्टरांबद्दल

तीर्थस्वरूप आप्पा,

साष्टांग नमस्कार.

काल बेंदूर झाला, आमच्याकडचा बैलांचा सण. दादांची बैलजोडी विकल्यापासून आमच्या गोठ्यात बेंदराला नुसती दावणच असायची. यंदा आईने सकाळी सकाळी ट्रॅक्टर धुवायला लावला, बॉनेटवर हुरमुंजाचे पंजे उठवले आणि माळ्यावरचं बैलांचं जुनं बाशिंग काढून दिव्यांच्या वर बांधलं. पुरणपोळीचा नैवेद्य रेडिएटरसमोर धरल्यावर मात्र तिची पंचाईत झाली. शेवटी तो शेजारच्या गाईच्या तोंडी गेला. तुमचं पान वेगळं काढून ठेवलं होतं, पण तुम्ही कुणाच्या तरी इंजिनाखाली आडवे झालेले होतात.

म्हणून हे पत्र. तेही असं चारचौघांत, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, बरं" म्हणत पान्याकडे वळता. पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत.

लोक विचारतात, आप्पांनी ट्रॅक्टर घेऊन दिला म्हणे? मी सांगते, आप्पांनी आधी तीन ट्रॅक्टर घेऊ दिले नाहीत.

पहिल्याचं सांगायला लाज वाटते. तुमच्याकडे येण्याआधीच मी एका दलालाला दहा हजार इसार देऊन बसले होते, तेही पावती न घेता. ४५ एचपी, नवा रंग, नवे स्टिकर, सीटवर प्लॅस्टिक तसंच. खरं तर तुमच्याकडे मी विचारायला आलेच नव्हते. "छान आहे" हे तुमच्या तोंडून ऐकायला आले होते. तुम्ही मॉडेलसुद्धा विचारलं नाहीत. विचारलंत ते असं : "रान किती? इहिरीकडची वाट किती रुंद? आन चालवनार कोन?"

दुसऱ्या दिवशी येऊन तुम्ही वाट पावलांनी मोजलीत. बांध आणि विहिरीची जुनी धाव (मोटेचे बैल चालायचे ती उतरती वाट) यांच्या मध्ये अडीच पावलं भरली, म्हणजे जेमतेम सहा फूट. "हितनं ४५ चं धूड पाच फुटी रोटर घेऊन जाईलबी एक वेळ," तुम्ही म्हणालात (रोटर म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर), "पर वळंल कुटं? चुलत्याच्या रानात?" चुलत्यांचं आणि आमचं बांधावरून काय चाललंय ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. इसार बुडाला. त्यावर तुम्ही एवढंच बोललात, "शिकवनीची फी म्हन."

मग धावेवर बसून तुम्ही हिशेब मांडलात, आणि तो माझ्या विरुद्ध गेला. अडीच एकर रान. एकरभर आलं, बाकीच्यात वाघ्या घेवडा, ज्वारी, बांधाला घरची भाजी. रोटर, सरी, फणपाळी सगळं धरून वर्षाचं भाडं वीस-बावीस हजारांच्या वर जात नाही. "पैशाच्या हिशेबानं तुला ट्रॅक्टर परवडत न्हाई, पोरी." ट्रॅक्टर विकून कमिशन मिळवणारा माणूस हे वाक्य बोलला नसता.

तेव्हा मी तुम्हाला २०२५ चा मे महिना सांगितला. वळवाचे म्हणून आलेले ढग हललेच नाहीत, आणि २५ मेला तर मान्सूनच राज्यात येऊन ठेपला. रानाला वापसा, म्हणजे मशागत करता येईल इतपतच ओल, यायचा तो दीड-दोन दिवसांपुरता, आणि नेमका त्या दोन दिवसांत साऱ्या शिवाराला रोटर हवा असायचा. भाड्याचा ट्रॅक्टर आधी दहा एकरवाल्याकडे जाणार, मग पाच एकरवाल्याकडे, आणि आमचा नंबर लागेपर्यंत पुन्हा पाऊस. एकदा ओल्यातच रोटर मारून घेतला आणि काळ्या रानाची अशी ढेकळं झाली की गादीवाफे फावड्याने ओढावे लागले. आल्याची लागण तीन आठवडे लांबली. तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "मंग हिशेब वापशाचा हाय. घे. पर ल्हान घे, जुना घे, आन रोखीत घे."

त्याच बैठकीत तुम्ही सांगितलेलं आणखी एक इथे लिहिते, वाचणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. खोल नांगरट वर्षातून एकदाच. ती मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून करून घ्यायची. २५ एचपीला पलटी नांगर ओढायला लावला की सगळा ताण क्लच आणि गिअरवर येतो. बाकी वर्षभराचं काम, चार फुटी रोटर, सरी, शेणखताची लहान ट्रॉली, एवढं लहान इंजिन बिनतक्रार करतं. माझ्या डोक्यात मात्र एकच ट्रॅक्टर सगळं करणार होता, म्हणून मी ४५ च्या मागे लागले होते.

नव्याचाही विचार झालाच. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदान आहे, पण ते नव्यालाच, आणि वरची रक्कम उभी करायला कर्ज आलंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तसे नव्याचे भाव उतरले. जुने विकणारे मात्र आदल्या वर्षीचेच आकडे सांगत होते. ही गोष्ट तुम्ही खिशात ठेवून दिलीत.

दुसरा ट्रॅक्टर बघून मी हरखलेच होते. टायर ऐंशी टक्के, पत्रा सरळ, एकही पोचा नाही. मालक म्हणाला, फार चाललेला नाही. तास दाखवणारा मीटर बंद होता. तुम्ही सरळ मागे गेलात आणि पीटीओ शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) दात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलंत. मलाही फिरवायला लावलंत. दात्यांच्या कडा एका बाजूने झिजून धारदार झाल्या होत्या. ट्रॅक्टर ब्लास्टिंगचा, म्हणजे विहिरींच्या सुरुंगाच्या कामावरचा होता. कॉम्प्रेसर लावून विहिरींच्या काठावर वर्षानुवर्षं एका जागी उभा राहून चाललेला. टायर झिजतील कशाने? "ह्यो चाललाच न्हाई," तुम्ही म्हणालात, "पन थांबलाबी न्हाई."

तिसरा उसाचा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की असे ट्रॅक्टर विकायला निघतात. याला पुढे वजनं, मागे दोन ट्रॉल्या ओढून झिजलेला हूक आणि टेप मात्र झकास. मालकाला आठला येतो सांगून तुम्ही मला साडेसहालाच तिथे उभं केलंत. बॉनेटखाली हात घालून म्हणालात, "आगं, ह्ये तर कोमट हाय." गार इंजिन किती नखरे करतं ते आम्हाला दिसू नये म्हणून पहाटेच चालू करून ठेवलेलं. तुम्ही चिडला नाहीत, मालकाला नुसतं आरसी दाखव म्हणालात. त्यावर बँकेचा बोजा. कर्ज कधीच फिटलंय, असं तो म्हणत राहिला. फिटलं असेल तर बँकेची ना हरकत आणि फॉर्म ३५ आण, मग पुढचं बोलू, असं सांगून तुम्ही गाडीला किक मारलीत. मागे बसून मी जवळजवळ रडकुंडीला आले होते. अक्षय्य तृतीया जवळ येत होती आणि मला कुठलाही ट्रॅक्टर चालला असता.

चौथा मास्तरांचा. २०१३ चा स्वराज ७२४, दोन सिलिंडर, २५ एचपी, एमएच ११ म्हणजे साताऱ्याचं पासिंग, पहिल्यापासून एकच मालक. निवृत्त झालेले मास्तर आता मुलाकडे पुण्याला निघाले होते. रंग इतका उडालेला की बॉनेटवरून हात फिरवला तर बोटांना भुकटी लागायची. मी नाक मुरडलं. तुम्ही मात्र पहिल्यांदाच खूश दिसलात. "रंग उडालाय म्हंजी कुनी काय झाकल्यालं न्हाई."

त्या सकाळचे दोन तास मला जसेच्या तसे आठवतात. आधी इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री. ऑइलची काडी काढून थेंब दोन बोटांत चोळलात. काळं चालतं, दुधट नको, कारण दुधट म्हणजे आत पाणी. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहिलंत. दुसऱ्या सेल्फला इंजिन चालू झालं. मग ते चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढलंत आणि त्या तोंडावर माझा तळहात धरायला लावलात. नुसती ऊब लागली. रिंगा-लायनर गेलेले असते तर इथून भसाभसा धूर आला असता, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी हात काढून घेतला होता. सायलेन्सरमधून रेस देताना काळा धूर निघाला आणि लगेच निवळला. निळा असता तर ऑइल जळतंय, असं म्हणालात.

सगळ्यात मजा लिफ्टची. मास्तरांचा रोटर अडकवून तुम्ही तो पूर्ण उचललात, इंजिन बंद केलंत, आणि मास्तरांची परवानगी घेऊन मागच्या भिंतीवर रोटरच्या उंचीला खडूची रेघ मारलीत. मग म्हणालात, "आता च्या हुंद्या." मास्तरांच्या बायकोने चहा ठेवला, तो उकळला, आला, आपण प्यायलो, तुम्ही दुसरा कपही घेतलात. माझं सगळं लक्ष त्या रेघेवर. रोटर बोटाच्या पेराएवढा खाली आला होता. "चालतंय. तेरा वर्साचा गडी हाय, येवढा तर मीबी वाकलोय."

चेसिस नंबर तुम्ही रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसीशी ताडून पाहिलात. बोजा नव्हता. मग दोषांची यादी : पीटीओचं सील गळतंय, ब्रेक लायनर संपलेत, स्टेअरिंगला खेळ आहे, बॅटरी मेलीय. मास्तर दोन लाख चाळीसवर होते. जीएसटीची गोष्ट तुम्ही तेव्हा खिशातून काढलीत, तीही आवाज न चढवता : "मास्तर, नव्याचाच भाव खाली आलाय, जुन्यानं वर कसं ऱ्हावं?" दोन लाख दहाला व्यवहार झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. नाव चढवायचा अर्ज ३० दिवसांच्या आत झाला पाहिजे, याची तुम्ही मला इतक्यांदा आठवण केलीत की मी आठव्या दिवशीच आरटीओत गेले.

दुरुस्तीला साडेतेरा हजार लागले. ते फक्त सामानाचे. मजुरीचा विषय काढला तर तुम्हाला ऐकू आलं नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. पहिल्यांदा रोटर मारायच्या सकाळी तुम्ही ट्रॅक्टर आणि रोटर यांच्या मधल्या शाफ्टवर बसवायचं प्लॅस्टिकचं कव्हर घेऊन आलात. मास्तरांच्या रोटरला ते नव्हतं, कुणाच्याच नसतं. ते बसवून होईपर्यंत तुम्ही मला चावी दिली नाहीत. माझी ओढणी कमरेला बांधायला लावलीत. आईला हाक मारून सांगितलंत, पीटीओ चालू असताना पदर घेऊन मागं यायचं नाही, आवाज द्यायचा असला तर पुढून द्यायचा. तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं कुठे गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही.

मग तुम्ही मागच्या चाकांच्या डिशा पालटून गाळा, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, कमी केलात आणि रोटर उजवीकडे सरकवून बांधलात, म्हणजे निदान एका चाकाचा माग तरी पुसला जाईल. विहिरीच्या वाटेवरून ट्रॅक्टर गेला तेव्हा दोन्हीकडे वीत वीत जागा उरली होती. चुलते बांधावर उभे राहून बघत होते.

एका बाबतीत तुमचं चुकलं, तेही लिहिते. पुढचे टायर वर्ष काढतील म्हणाला होतात. डावा महिन्यातच बसला, तोही भर चौकात, शेणखताची ट्रॉली मागे असताना. फोन केला तर तुम्ही आधी पोटभर हसून घेतलंत आणि मग जॅक घेऊन आलात.

आल्याची लागण अक्षय्य तृतीयेनंतर चौथ्या दिवशी झाली. एक वळीव झाला, दोन दिवसांनी सकाळी मी मूठभर माती दाबून पाहिली, ती फुटली, आणि दुपारपर्यंत एकराचं रोटर मारून झालं. कुणाला फोन केला नाही की कुणाची वाट बघितली नाही. आता कोंब गुडघ्याला लागायला आलेत.

परवापासून मात्र दुसऱ्या गिअरला उतारावर एक बारीक आवाज येतोय. तुम्हाला फोनवर ऐकवला तर म्हणालात, "फोनवर सगळीच इंजनं आजारी वाटत्यात, रविवारी येतो." या. पण आईने बजावलंय, आधी जेवायचं, मग बॉनेट उघडायचं. पुरणाचा गोळा तिने तुमच्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलाय. आणि तुमचा एकोणीसचा पाना आमच्या टूलबॉक्समध्ये आहे. तो हरवला म्हणून नवा घेऊ नका.

तुमची,
विहिरीकडच्या वाटेवरची ताई