मोटरहोममधील गॅसची नळी

संपादक महोदय,

मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकाची-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन फिरण्याची हौस वाढते आहे, याचा आनंदच वाटतो. पण ज्याचे आयुष्य गॅसजोडणीच्या कामात गेले, त्या माझ्यासारख्याला एक काळजी पोखरते. जुनी गाडी घेणारे टायर, बॅटरी निरखून पाहतात. सिलिंडरच्या कप्प्यात कोणी डोकावत नाही.

रबरी नळीवर वर्ष छापलेले असते. मोजणी तिथून करावी. मी तरी 5 वर्षांपुढे नळी ठेवू देत नाही. नियमात किंवा उत्पादकाने कमी मुदत दिली असेल तर तीच पाळावी. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, टोकाशी ती ताठरली, तर तारीख बघत बसू नये. रेग्युलेटरची मुदत साधारण 10 वर्षे धरतात. बाहेरून तो चकचकीत दिसतो, म्हणून लोक फसतात. आतला रबरी पडदा मात्र थकलेला असतो. शिवाय नळीतला तेलकट अंश त्यात उतरून तो तुंबतो. म्हणून रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंच बसवावा, म्हणजे तेल मागे ओघळते.

घरातली शेगडी जागची हलत नाही. इथे खड्ड्याखड्ड्याला जोड हादरतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. थंडी वाजते म्हणून तळाचे झरोके कापडाने बुजवलेले मी पाहिले आहेत. कृपा करून ते आजच मोकळे करा!

जोड तपासायचा तो साबणाच्या पाण्याने, काडी पेटवून कधीही नाही. बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करून जाणकार फिटरला बोलवा.

– एक निवृत्त गॅस फिटर