विषय : वाफेच्या मॉडेल इंजिन किटमधील सदोष ल्युब्रिकेटर, ओ-रिंग आणि चुकीचे वंगण

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,
स. न. वि. वि.

आपले एकसिलिंडरी, स्लाइड व्हॉल्व्हचे (सरकत सरकत सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या झडपेचे) वाफेचे इंजिन मी किट स्वरूपात, जोडीच्या बॉयलरसह घेतले. किंमत १८,५०० रुपये. पावतीची प्रत सोबत आहे.

आधी जे चांगले आहे ते सांगतो, म्हणजे ही तक्रार रागाच्या भरात लिहिलेली नाही हे कळेल. फ्लायव्हील डगमगत नाही, क्रँकशाफ्ट सरळ आहे, मेन बेअरिंगचे बुश हाताने दाबून बसले आणि शाफ्ट त्यात बोटाच्या टिचकीने फिरला. मशीनिंग करणाऱ्या कारागिराला माझा नमस्कार कळवावा. तक्रार आहे ती त्याच्या पुढच्या टेबलावर बसलेल्या माणसाबद्दल.

किटसोबत आपण पातळ तेलाची बाटली देता. पुस्तिकेत जोडणीची पाने भरपूर, आकृत्याही स्वच्छ, पण वंगणाबद्दल एकच ओळ : “सर्व हलत्या भागांना सोबतचे मशीन ऑइल द्यावे.” हे तेल शिवणयंत्राच्या तेलाइतके पातळ आहे. क्रँकपिन, क्रॉसहेड, एक्सेंट्रिक अशा बाहेरच्या हलत्या सांध्यांवर ते चालून जाते. सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्ह चेस्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या पेटीत, चालत नाही. ओली वाफ ते धुऊन नेते. तिथे ४६० ग्रेडचे घट्ट स्टीम सिलिंडर ऑइल लागते. त्यात मुद्दाम थोडी प्राणिज चरबी मिसळलेली असते, त्यामुळे पाणी आले तरी तेलाचा थर धातूला धरून राहतो. माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बेअरिंगच्या तेलाचा डबा कोणी चुकून सिलिंडरसाठी उचलला, तर काय ऐकून घ्यावे लागे ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आपल्या सूचनेबरहुकूम तेल देऊन इंजिन २ बार दाबावर चालवले. सुरुवातीला ठीक चालले, मग गती पडत गेली आणि व्हॉल्व्ह रॉड करकरू लागला. झाकण काढून पाहिले, तर पोर्ट फेसवर (व्हॉल्व्ह ज्यावर सरकतो त्या वाफेच्या भोकांच्या सपाट पृष्ठभागावर) तेलाचा मागमूस नव्हता, नुसते करडे पाणी. पितळी व्हॉल्व्हच्या तळाला त्याच्या सरकण्याच्या दिशेने सरळ चरे पडले आहेत. नख फिरवले की अडकते. वाफेचा दाब व्हॉल्व्हला पाठीमागून पोर्ट फेसवर दाबून धरतो, त्यामुळे तेल नसले की पहिला बळी तोच जातो.

मग प्रश्न पडला की ल्युब्रिकेटर, म्हणजे वाफेत थोडे थोडे तेल सोडणारी डबी, असताना तेल गेले कुठे. आपला डिस्प्लेसमेंट ल्युब्रिकेटर खोलला. त्यातून आडवी जाणारी वाफेची नळी टॉर्चच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली. तिला बारीक भोकच पाडलेले नाही! त्या भोकातून वाफ आत येणार, थंड होऊन तिचे पाणी तळाशी बसणार आणि वर चढलेले तेल त्याच भोकातून वाफेबरोबर जाणार, असे हे साधन चालते. भोक नसेल तर ती नुसती शोभेची डबी. तळाचे पाणी काढायला ड्रेन स्क्रूही नाही. आकृतीत भोक दाखवले आहे, पण माप दिलेले नाही.

तिसरी गोष्ट पिस्टनच्या ओ-रिंगची, म्हणजे पिस्टनच्या कडेने वाफ निसटू न देणाऱ्या गोल रिंगची. २ बारला वाफेचे तापमान सुमारे १३३ अंश सेल्सियस असते. आपण दिलेली रिंग आपल्याच भागांच्या यादीप्रमाणे नायट्राइल रबराची आहे, आणि ते साधारण १०० ते १२० अंशांपर्यंतच टिकते. माझी रिंग काढली तेव्हा ती बांगडीसारखी कडक झाली होती. इथे व्हिटॉनची (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराची) रिंग किंवा ग्रॅफाइटचे पॅकिंग हवे.

या तिन्ही दोषांचे मूळ मला आपल्या जाहिरातीच्या व्हिडिओत सापडले. त्यात इंजिन झकास पळते, पण फ्लायव्हीलच्या मागे कॉम्प्रेसरचा निळा पाइप दिसतो आणि एक्झॉस्टमधून पाण्याचा एक थेंबही पडत नाही. हवेवर चालवताना पातळ तेलच योग्य, कारण हवा प्रसरण पावताना सिलिंडर थंड पडतो आणि घट्ट तेल आणखी घट्ट होते. हवेवर नायट्राइल टिकते. हवेवर ल्युब्रिकेटरला भोक आहे की नाही हे कळायचे कारणच नाही. थोडक्यात, खोक्यावर ‘वाफेचे इंजिन’ छापून आपण विकता ते हवेवर तपासलेले इंजिन.

आपल्या ग्राहक सेवेला फोटो पाठवले, तर उत्तर आले : “तेल थोडे जास्त घालून बघा.” कुठून घालू, तेवढे सांगितले नाही.

माझी मागणी अशी आहे. नवा व्हॉल्व्ह आणि पोर्ट फेससह सिलिंडर ब्लॉक, भोक पाडलेला व ड्रेन असलेला ल्युब्रिकेटर, वाफेला टिकणारी रिंग आणि स्टीम ऑइलची बाटली आपल्या खर्चाने पाठवावी. पूर्ण किट परत घेण्याची गरज नाही. फ्लायव्हील आणि क्रँक मी सोडणार नाही. पुस्तिकेत कोणत्या भागाला कोणते तेल आणि ल्युब्रिकेटर केव्हा रिकामा करून भरायचा, याचे एक पान घालावे. हेच किट घेतलेल्या इतर ग्राहकांनाही कळवावे. त्यांतले काही जण शाळकरी मुलांना शेजारी बसवून बॉयलर पेटवत असतील, आणि इंजिन अडकले की दाबाचा सगळा भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. चरे पडलेला व्हॉल्व्ह आणि कडक झालेली रिंग जपून ठेवली आहे. आपला माणूस केव्हाही येऊन पाहू शकतो.

कळावे,
आपला ग्राहक,
सांगली

सोबत : पावतीची प्रत, व्हॉल्व्ह, पोर्ट फेस व ल्युब्रिकेटरच्या नळीचे फोटो, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार