संगीताच्या पदवीधराला तंबोरा जुळवता आला पाहिजे

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

गेली सव्वीस वर्षे मी पेटीची (हार्मोनियमची) साथ करतो. मैफलींबरोबर महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या प्रात्यक्षिक परीक्षांनाही बसतो. यंदा उन्हाळ्यात अशाच एका परीक्षेत जे पाहिले ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी मालकंस राग गायला बसली. पट्टी काळी चार, म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. गळा तयार, विलंबित एकतालातली बढत अगदी शांतपणे चाललेली. पण मोबाइलवरचा तंबोरा पंचमावर लावलेला होता. मालकंसात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नसतो, त्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात (म) मिळवायची, हे तिला तोंडी परीक्षेत विचारले असते तर तिने लगेच सांगितले असते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक मध्यम त्या पंचमाशी झगडत होता आणि आपल्याला नेमके काय खुपते आहे हे तिला कळत नव्हते. दोन आवर्तने मी थांबलो. मग परीक्षकांची परवानगी घेतली, तिचा मोबाइल जवळ ओढला आणि पंचमाच्या जागी मध्यम लावला. पुढच्याच आवर्तनात तिचा मध्यम असा काही बसला की दोन्ही परीक्षकांनी लिहिता लिहिता मान वर केली.

त्याच खोलीत कोपऱ्यात गवसणी घातलेला खरा तंबोरा उभा होता. परीक्षा आटोपल्यावर मी गवसणी काढली. जोडाची (मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी) एक तार तुटलेली, खुंट्या घट्ट बसलेल्या, घोडीवर जवारीचा, म्हणजे तारेला झंकार आणणारा, दोरा नाही. शिपाईदादा म्हणाले, "सर, जुळवणारंच कुणी नाही आता." तो तंबोरा मिरजेचा होता. मिरज माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता!

सध्या विद्यापीठांमध्ये संगीताचे नवे अभ्यासक्रम निघत आहेत. गायन-वादनाची पदवी एकीकडे, स्वररचना दुसरीकडे, ध्वनिमुद्रण आणि संगीत तंत्रज्ञान तिसरीकडे. ते निघावेत, मी त्यांच्या बाजूचाच आहे. पण ही तीन दालने स्वतंत्र ठेवून चालणार नाही. गायनाची पदवी घेणाऱ्या मुलाच्या हाताला तिन्ही गोष्टी लागल्या पाहिजेत, आणि त्यांना गुण असले पाहिजेत. गुण नसलेली गोष्ट आपल्याकडे कुणी शिकत नाही.

यावर ज्येष्ठ मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते: गाणाऱ्याने गावे, यंत्राचे यंत्रवाल्याने बघावे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, आपल्या परंपरेत असे कधी नव्हते. शंभर वर्षांपूर्वी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, आयसीएस अधिकारी क्लेमंट्स आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिळून श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, शोध घेतला. खाँसाहेबांनी गायचे, देवलांनी तारेवर मोजायचे. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही झडले. वाद झाले याचा अर्थच असा की त्या काळचे गवई अशा प्रश्नांना आपले प्रश्न मानत होते. ध्वनिमुद्रिकांचेही तेच. 1902 मध्ये गायिका गौहरजान यांचे गाणे तबकडीवर आले, आणि जो ख्याल तासभर चालायचा तो सुमारे तीन मिनिटांत मांडायची वेळ गवयांवर आली. काय ठेवायचे, काय गाळायचे, तान कुठे घ्यायची, हे त्यांनी नव्याने ठरवले. हे गायन म्हणायचे, रचना म्हणायची की तंत्रज्ञान?

वर्गात हे कसे शिकवता येईल याचे एक उदाहरण माझ्याच वाद्यातले देतो. नीट जवारी लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जात, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेत, कान लावला की आपोआप गंधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझ्या पेटीतला शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा सुमारे 14 सेंट चढा आहे (सेंट हे स्वरांमधले अंतर मोजायचे माप). पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत 100 सेंटचे अंतर असते, म्हणजे हा फरक जवळजवळ सातव्या हिश्शाचा झाला. तो कानाला कळतो, पण कशामुळे कळतो हे मुलांना माहीत नसते. संगणकावर खर्जाची तार मुद्रित करायची, तिच्यातले उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे स्वर, पडद्यावर बघायचे, पाचव्या उपस्वरावर बोट ठेवायचे आणि मग मुलांना गंधार लावायला सांगायचे. मी घरी माझ्या चार शिष्यांना साध्या लॅपटॉपवर आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे दाखवले. त्यातली एक मुलगी त्या दिवसापासून गंधार लावताना डोळे मिटून थांबते, तंबोऱ्यात तो शोधते आणि मगच लावते. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती पुढे तीन दशके टिकली. त्या बंदीमागचे एक कारण हा तुटक, बांधलेला स्वर होता. आज पेटी सगळीकडे आहे. तेव्हा तिच्यासोबत गाताना आपला स्वर कसा राखायचा हे तरी शिकवायला नको का?

करोनाच्या काळात तर याची फार किंमत मोजली. व्हिडिओ कॉलवर शिकवण्या सुरू झाल्या आणि तंबोरा ऐकू येईना. सलग चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे समजून ती प्रणाली तो दाबून टाकत होती. पंख्याचा आवाज आणि तंबोऱ्याचा झंकार तिच्या लेखी सारखेच. सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की काम झाले असते, पण कित्येक गुरुजनांना आणि एम.ए. झालेल्या शिष्यांनाही ते ठाऊक नव्हते. वर्ष-दीड वर्ष मुले तंबोऱ्यावाचून शिकली. मी स्वतः त्यांची साथ केली आहे. त्यांच्या षड्जात अजून तो काळ ऐकू येतो.

रचनेविषयी थोडे. मी ज्या परीक्षांना बसलो त्यांत मुले पुस्तकातल्या बंदिशी गातात, उत्तम गातात. पण तुझी स्वतःची बंदिश ऐकव, असे क्वचितच कुणी विचारते. बंदिश बांधणे हा वारसा आपल्याकडे अखंड आहे. भातखंडे 'चतुर' या नावाने, रातंजनकर 'सुजान' या नावाने, जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' या नावाने बंदिशी बांधत. बंदिश बांधायला घेतली की सम (तालाची पहिली मात्रा) कुठे ठेवायची, मुखडा (समेपर्यंत नेणारा सुरुवातीचा तुकडा) किती मात्रांचा, रागाचे अंग पहिल्या ओळीतच कसे दिसावे, या सगळ्याला हात घालावा लागतो. पहिली बंदिश कच्ची होईल. होऊ द्यावी. पाचवीत राग दिसू लागतो.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून आहे. संगीत, नृत्य, नाटक एका छताखाली आहेत. त्याच शहरात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मिळते. नव्या शैक्षणिक धोरणात एका संस्थेतले क्रेडिट दुसरीकडे घेण्याची मुभा आहे. गाणाऱ्या आणि ध्वनी शिकणाऱ्या मुलांनी एका सत्रात मिळून एक मैफल मुद्रित करावी, एवढे जुळवून आणणे अवघड नाही. गाणाऱ्याला कळेल की माइकला तोंड लावून गायले की आवाजात खर्ज फुगतो. मुद्रण करणाऱ्याला कळेल की तंबोरा गाण्याच्या मागे नसतो, गाण्याच्या खाली असतो.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे माझी मागणी आहे. पदवीच्या शेवटच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यापुढे सूर उतरलेला तंबोरा ठेवावा आणि तो त्याने निवडलेल्या रागासाठी जुळवायला सांगावा. एक बंदिश त्याची स्वतःची असावी. आणि दहा मिनिटांचे गाणे त्याने स्वतः मुद्रित करून, स्वच्छ करून द्यावे. तीस गुण यासाठी राखावेत.

पहिल्या वर्षाच्या मुलांना जवारी लावणे दाखवायला एखाद्या विभागाला कारागीर हवा असेल, तर मिरजेतले कारागीर मी घेऊन येईन. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च माझ्याकडे. विभागांनी फक्त कोपऱ्यातले तंबोरे गवसणीतून बाहेर काढून ठेवावेत.

आपला,
एक पेटीवादक, सांगली