गाठोडं टाकलं नाही

नेरूळ,
१४ जुलै

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू तीनदा सांगितलंस की माळ्यावरचं गाठोडं घंटागाडीत टाकून दे. नाही टाकलं. नौपाड्याच्या घराची किल्ली बिल्डरच्या माणसाला दिली आणि ते गाठोडं घेऊन ठाण्याला दहा नंबरच्या फलाटावर पनवेल गाडीची वाट बघत उभी राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लाँड्रीचं का?" मी हो म्हटलं. नेरूळपर्यंत मांडीवर घेऊन आले. हे फोनवर सांगायला गेले असते तर "कशाला गं तो पसारा" म्हणून तू फोन बाबांच्या हातात दिला असतास, म्हणून पत्र.

संध्याकाळी हॉलमध्ये चादर पसरून ते सोडलं. वरून बांधलेलं तुझं हिरवं पातळ, त्याची गाठ शेवटी दातांनी सोडवली. आत पिशव्या, पिशव्यांत पिशव्या. आता रागावू नकोस, पण जे तू 'चांगलं' म्हणून वेगळं काढलं होतंस, तेच सगळ्यांत जास्त वाया गेलंय. नुसत्या कोंबलेल्या सुती चिंध्या ठणठणीत आहेत. निवडक तुकड्यांना मात्र तू रबरबँड लावले होतेस, ते वितळून कापडात बसले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पंचवीस-तीस पावसाळे कोंडलेल्या पॉपलिनवर बुरशीचे काळे ठिपके. कोऱ्या मांजरपाटाला कसर लागली, कारण तू खळ न काढताच ठेवलास आणि कसरीला खळच हवी असते. तुझ्या शालूचा तो गुलबक्षी तुकडा तर मी उलगडला आणि घडीघडीवर फाटला. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथेच तुटतं.

"सवडीनं एक छानशी गोधडी करायचीय," असं तू म्हणायचीस. सवड कुठली? सकाळी डबे, दुपारी दळण-निवडण, संध्याकाळी आमचे अभ्यास. तुकडा उचलून पिशवीत टाकायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं तुला मिळत होतं. शिवायला अख्खी दुपार लागते, ती तुला कुणी दिलीच नाही. त्यात आम्ही तिघंही आलो. हो बाबा, तुम्हीसुद्धा.

ओटीच्या ब्लाऊजपीसांचा ढीग वेगळाच, एकोणतीस निघाले. हळदीकुंकवाला आलेले आणि पुढे कुणाला तरी द्यायचे राहून गेलेले. त्यातला एक मीच तुला दिला होता. मला तो कुणी दिला होता तेही आठवतंय, पण सांगत नाही.

बाबा, तुमची विद्या इथे कामाला आली. नुसत्या हाताला सुती आणि टेरिकॉट यांत माझी फसगत होते, म्हणून गॅसपाशी चिमटा घेऊन बसले. प्रत्येक तुकड्याचे दोन-चार धागे काढायचे आणि ज्योतीत धरायचे. कागदासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सुती. वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम नाहीतर लोकर. जळाल्याचा वास येऊन मणीही झाला, तर मिसळीचं कापड. लहानपणी पोखरण रोडच्या लोकरीच्या मिलमधून आल्यावर तुम्ही आम्हाला ही जादू दाखवायचात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. तासाभरात तीन ढीग झाले. घरभर वास राहिला तो सोडा.

लोकरीचे कटपीस मी वेगळे ठेवलेत, ते गोधडीत जाणार नाहीत. मी पाचवीत असतानाची ती राखाडी गोधडी आठवतेय का? आईने मधेमधे तुमची लोकर लावली, गरम पाण्यात सोडा घालून भिजवली, आणि वाळल्यावर ती उन्हातल्या पापडासारखी चहूबाजूंनी उचलली गेली. तुमचं म्हणणं, कापडात दोष नाही, धुण्यात आहे. आईचं म्हणणं, गोधडी धुवायची नाही तर काय पुजायची? दोघांचंही बरोबर होतं. गरम पाण्यात चोळलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून आवळतात, सूत तसं आवळत नाही. एकाच गोधडीत दोन्ही असले की एक ओढतं आणि दुसरं चुरगळतं. चार रात्री पांघरून ती गोधडी गाडीच्या सीटखाली गेली.

धाकट्याकडे जानेवारीत बाळ येईल, त्यासाठी दुपटं करतेय. पहिल्यांदा हौसेने दीड-दीड इंचाचे चौकोन कापले, नखाएवढा तुकडाही वाया घालवायचा नाही म्हणून. मग वहीत हिशोब मांडला आणि कात्री खाली ठेवली. जोडताना प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातं. दीड इंचाचा चौकोन शिवल्यावर एक इंचाचा उरतो, म्हणजे निम्म्याहून जास्त कापड आत दडपलं जातं. अडीच इंचाचा घेतला तर दोन इंच उरतो, तिथे छत्तीस टक्के जातं. लहान तुकडा वाचवायला जावं तर त्यातच कापड जास्त खपतं. शिवाय इतक्या शिवणी एकाशेजारी एक आल्या की दुपटं पुठ्ठ्यासारखं होतं. बाळाला ते टोचेल.

तेव्हा आता पट्ट्या. बोटभर रुंदीची, वाकडी, निमुळती, कसलीही चालते. साडेसहा इंचांचा कागदाचा चौकोन घ्यायचा, मधोमध तिरकी पहिली पट्टी सुलट ठेवायची. दुसरी तिच्यावर उलटी ठेवून कागदासकट टीप मारायची, उलगडायची, बोटाने दाबायची, मग तिसरी. कागद भरला की कडा कापून सरळ करायच्या. उरेब, म्हणजे तिरका कापलेला, तुकडा एरवी ताणला जाऊन हाताखाली नाचतो, पण कागदावर तो गप्प बसतो. टीप बारीक ठेवायची, म्हणजे मागचा कागद भोकांवर सहज फाटतो. पहिल्यांदा कॅलेंडरची जुनी पानं वापरली. तो कागद जाड, फाडताना टाकेच ओढले गेले. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या अस्तरावर उतरली. आता भाचीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं वापरते. शिवून झाल्यावर चौकोन सहा इंचाचा राहतो, सहा ओळींत सहा-सहा लावले की छत्तीस इंची दुपटं. बावीस झालेत.

आई, तुला हे सगळं थेर वाटेल, ठाऊक आहे. तू कधी तुकड्याला तुकडा जोडला नाहीस. जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर तुकडे मांडायचे, कडा आत दुमडायच्या आणि धावदोऱ्याने सगळं एकत्रच शिवत जायचं. मागे बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दी बायांच्या गोधड्या बघितल्या. त्यांना त्या कवंदी म्हणतात. अगदी तुझीच रीत. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं, शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेली कापडाची छोटी फुलं लावायची. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणतात. दुमडीत थोडं कापड जातंच, पण शिवण लपवायची नसते, दाखवायची असते. माझा हात तिथे बसत नाही. माझा धावदोरा पावसात भिजलेल्या मुंगीसारखा जातो. तेव्हा माझं आपलं मशीन बरं. पण दुपट्याच्या कोपऱ्यांना फुलं मात्र तू लावायचीस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता सबब चालणार नाही. सुईत दोरा बाबा ओवून देतील.

आता मुख्य काम. गाठोड्याच्या अगदी तळाशी खाकी कागदात एक खण आहे. गडद निळा, काठ लाल, पूर्ण, एकदाही न शिवलेला. टाचणीने लावलेली चिठ्ठी, तुझ्या अक्षरात: 'कापू नये.' बाकी काहीच नाही. कुणाचा, कधीचा, का, एक शब्द नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघितला, रंग जात नाही. धागा जाळला, सुती आहे. टाचणी गंजलीय, तिने चिठ्ठीवर आणि खणावर एकसारखे दोन डाग पाडलेत.

दुपट्याच्या मधल्या चार चौकोनांना मला तो हवा आहे. डाग टाळून कापला तरी पुरतो, मोजून बघितलं. पण तू लिहून ठेवलंयस म्हणून कात्री लावलेली नाही. रविवारी अकराच्या सुमारास फोन करते. बाबा, आईला चष्मा लावून जवळ बसवा, मी खण कॅमेऱ्यासमोर धरेन. आई, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तो कुणाचा ते सांग. नाही म्हणालीस तर मधे ओटीचाच एखादा घालीन.

टाचणी मी काढली. तेवढं विचारलं नाही.

तुमची,
चिऊ