डबा घेऊन तिसरा मजला चढणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही द्यायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं ताई म्हणते. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ज्या आजींना तुम्ही दुपारचा डबा पोचवता, त्यांची मी भाची. नाशिकला असते. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही आणि तुमच्यासोबतच्या बायका काय करता ते चारचौघांनी वाचावं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

आत्याच्या घरात धान्य नव्हतं असं नाही. तांदूळ होते, डाळ होती. पण गुडघे गेले आणि जिना उतरणं बंद झालं. ओट्यापाशी उभं किती वेळ राहायचं, भांडी घासायला बसलं की उठायचं कसं, एकट्या जिवासाठी कुकर लावायचा कशाला? मग सकाळी चहा, दुपारी चहा आणि रात्री चहात बुडवलेला पाव. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "जेवलंय गो." रस्त्यावरचा उपाशी माणूस निदान दिसतो. बंद दाराआडचा शेजारच्या खोलीलाही कळत नाही, कारण अब्रूने जगलेलं माणूस भुकेचं बोलत नाही. देशभरातल्या वृद्धांची २०१७-१८ मध्ये मोठी सरकारी पाहणी झाली, त्यात साठी उलटलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे निघाले. आत्यासारखी किती माणसं त्यात असतील याचा विचार मी आता सारखा करते.

तुम्ही पहिल्यांदा डबा घेऊन गेलात तेव्हा तिने दारातूनच परतवलं. "माका फुकटचा नको." तो राग तुमच्यावर नव्हता, ताई. याच खोलीत आत्याने खानावळ चालवली होती. काका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. महिनाभर वाणसामान उधारीवर, सावकाराचं व्याज वेगळं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा कुठे सावकाराच्या व्याजातून तिची मान सुटली. मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुराडी थंडावली, जेवायला येणारे गावी निघून गेले. काही जणांची थकलेली उधारी आत्याने कधीच मागितली नाही. जिने इतक्या लोकांना वाढलं, तिला दुसऱ्याच्या हातचं ताट घेणं किती जड गेलं असेल!

तुम्ही वाद घातला नाहीत, दयेचं तर मुळीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात आणि म्हणालात, "आजी, आमच्या बायका पंचवीस-तीस माणसांचं रांधतात, पण आमटी जमत नाही. जरा चाखून सांगाल?" तिने चाखलं आणि नावं ठेवली. डाळ नीट घोटलेली नाही, कोकम फार आधी टाकलंय, म्हाताऱ्या माणसाला एवढी मिरची कशाला! तुम्ही ते ऐकून स्वयंपाकात तसा बदल केलात. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. आता तुमच्याकडे आठवड्यातून एकदा कुळथाची पिठी आणि गुरगुट्या भात होतो, तो तिच्या सांगण्यावरून. ती डबा घेते, कारण त्या स्वयंपाकात तिचाही हात आहे.

आणि तुम्ही डबा नुसता दारात ठेवून जात नाही. परत आलेला डबा उघडून बघता. पोळी तशीच परत येते हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही तिला विचारलंत. वजन उतरल्यामुळे कवळी सैल झाली होती, चावताना हिरडीला लागत होती. ती आम्हा कोणालाच बोलली नव्हती. तेव्हापासून पोळीऐवजी मऊ भात, मुगाचं कढण, कधी उकडलेलं अंडं कुस्करून. म्हातारपणी अंगावरचं मांस झपाट्याने झडतं, त्यामुळे डाळ-अंड्याची गरज उलट वाढते. आपल्याकडे मात्र वय झालं की "आता काय, थोडंसं खायचं" असं म्हणून नेमकं तेच कमी करतात. तहानही कमी लागते, म्हणून तुम्ही बसल्या बसल्या तिला पेलाभर पाणी प्यायला लावता.

मधुमेहाच्या गोळीचं तर मी विसरूच शकत नाही. चहा-पावावर राहूनही ती गोळी नेमाने घेत होती. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, ही साखर उतरल्याची लक्षणं ती थकव्यावर ढकलायची. तुम्ही ते पाहिलंत, साखरपाणी दिलंत, तिथूनच मला फोन केलात. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं. त्या दिवशी ती जिन्यापाशी पडली असती तर काय झालं असतं ते लिहायला माझा हात धजत नाही.

सरकारच्या योजना आहेत आणि मला त्यांचा आदर आहे. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात देऊ लागली, त्यावर कितीतरी कष्टकरी जेवले. पण ती खायला केंद्रापर्यंत चालत जावं लागतं. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवायला दुकानात जावं लागतं, आणि भांडी घासून झिजलेला अंगठा तिथेही उमटत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये बँकेत येतात, पण बँक जिन्याखाली आहे. जो उठून येऊ शकतो त्याच्यापर्यंतच हे सगळं पोचतं. शेवटचे तीन मजले तुम्ही चढता. ते चढणं योजनेतच असायला हवं, त्याचे पैसे धरलेले असायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. तोवर ते तुमच्या पायांवर चाललंय, आणि तुमचंही वय काही विशीचं नाही.

म्हणून आभार मानून थांबत नाही. महिन्याच्या तांदूळ-डाळीचा आमचा वाटा तुमच्या मंडळाच्या खोलीवर पोचता होईल. चाळीतल्या दोन कॉलेजच्या मुलांशी बोलले आहे. रविवारचे वरच्या मजल्यांवरचे डबे ती नेतील, त्यांना घरं तेवढी दाखवा. आणि कवळी नवी बसवली आहे, तेव्हा पोळी पुन्हा सुरू करायला हरकत नाही, असा आत्याचा निरोप आहे. मऊ हवी, आणि तूप लावून.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची भाची