तिसऱ्या रात्रीचा निरोप

मुंबई
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मित्रा,

आज दुपारपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. तुला फोनवर काही सांगायला घेतलं की दुसऱ्याच वाक्याला तू "जाऊ दे रे" म्हणतोस, आणि मग ते खरंच जातं. या वेळी जाऊ द्यायचं नाही, म्हणून कागद घेतला. सहा-सात महिने तुला साधा निरोपही पाठवला नाही, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर हे वाचून झाल्यावर घाल. तेव्हा जरा जास्तच घालशील.

आई बरी आहे. साखर वरखाली होते. माझं पित्त जुनंच. झालं.

गेल्या महिन्यात आमच्यापासून दोन स्टेशनं पलीकडे मिरवणुकीवरून दगडफेक झाली, ते तू वाचलं असशीलच. जमावबंदी लागली, दुकानांची शटरं तीन दिवस अर्धी वर, अर्धी खाली. आमच्याकडे दगड सोड, खडासुद्धा पडला नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी रात्री नऊला एक व्हिडिओ आला. हातात तलवारी घेतलेली पोरं, आणि खाली लिहिलेलं, "आज रात्री आपल्या बाजूला येणार, सावध राहा." कुठला, कधीचा, कुणाला पत्ता नाही. अर्ध्या तासात ठरलं, रात्रभर गेटवर पहारा. प्रत्येक घरातून एक माणूस.

तुला लगेच काय आठवलं असेल ते मला ठाऊक आहे. ९३च्या जानेवारीतल्या दंगलीत दादरच्या समुद्रावरून बोटी भरून येणार म्हणून लोक गाड्यांचे दिवे समुद्राकडे लावून बसले होते. दुधात विष आहे म्हणून आपल्या मधल्या खोलीवाल्या काकूंनी अख्खं पातेलं मोरीत ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला काळा चहा. बोट कुणी पाहिली नाही. विषानं कुणी मेलं नाही. पण त्या जानेवारीत झोपलं कोण होतं?

तर आमचा धाकटा काठी शोधायला लागला. बारावीत आहे, उंची माझ्यावर गेलीय, अक्कल अजून वाटेत आहे. दारात बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, बी विंगमधल्याला पण बोलावू ना? तो म्हणतोय येतो." बी विंगमधला म्हणजे त्याचा अगदी जिवाचा मित्र. क्लासला एकत्र, क्रिकेटला एकत्र, परीक्षेच्या आधी आमच्याच हॉलमध्ये पसरलेला असतो. आणि तुझ्या घरी जसं ईदला असायचं तसं त्याच्या घरी असतं.

मी म्हणालो, "त्याला सांग आज नको. कमिटीचं म्हणणं आहे."

कमिटीचं काहीही म्हणणं नव्हतं. कमिटीला विचारलंसुद्धा नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि माझे हातपाय गार पडले, कारण ते वाक्य मी आधी एकदा बोललो होतो. शब्द जवळजवळ तेच. तुझ्याशी.

आता नीट ऐक, आणि मध्ये थांबू नकोस.

८ जानेवारीची रात्र आणि ९ची रात्र आपण चाळीच्या दारात एकत्र उभे होतो. तू शाळेच्या टीमची हॉकी स्टिक आणली होतीस, माझ्याकडे आईचं लाटणं होतं, आणि आपल्या दोघांत माझ्या बाबांचा एकच मफलर. (ती स्टिक मीच हरवली असं तू तीस वर्षं म्हणतोयस. मी हरवलेली नाही. आपल्या लांब्याने नेली. हे भांडण मी आजही सोडणार नाही.) तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या खोलीबाहेर गॅलरीत आलो आणि म्हणालो, "मोठ्यांचं म्हणणं आहे, तू आज येऊ नकोस." तू काही बोलला नाहीस. स्टिक माझ्या हातात दिलीस आणि आत गेलास.

मोठ्यांचं काहीही म्हणणं नव्हतं रे. कुणीही मोठा माणूस मला काही बोलला नव्हता. दुसऱ्या रात्री बाजूच्या गल्लीतली पोरं येऊन गेली, तू पाणी प्यायला वर गेला होतास, आणि त्यातल्या एकाने मला विचारलं, "हा तुमच्यात काय करतो?" एवढंच. मी उत्तर दिलं नाही. दिवसभर ते डोक्यात राहिलं आणि संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं की मला तुझी काळजी होती, गेटवर तुलाच कुणी काही केलं असतं. काळजी असेलही थोडी. पण मला माझी भीती होती. ती पोरं मला काय समजतील, याची.

आणि ते मोठ्यांच्या नावावर टाकलं.

तू ते घरी सांगितलं असणार. का नाही सांगणार? पंधरा वर्षांचा होतास. चाचांनी त्याचा अर्थ असाच घेतला असणार की चाळीने ठरवलं. आठवड्यात तुम्ही गावी गेलात, खोलीला कुलूप, आणि मग परत आलात ते थेट मुंब्र्याला. आज मुंब्रा केवढं झालंय, आणि त्यातली किती घरं डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ या दोन महिन्यांनी उठवलेली आहेत, हे तुला मी काय सांगणार. तुमच्यासारखे असंख्य गेले, मी बोललो नसतो तरी चाचा गेलेच असते, असंही मी स्वतःला सांगून पाहिलंय. असेल. पण जाताना चाचा माझ्या बाबांच्या दारावरून गेले आणि थांबले नाहीत. अठरा वर्षं शेजारी राहिलेला माणूस. संपात गिरणी गेली तेव्हा आमच्या घरात पहिलं धान्य चाचांनी आणून ठेवलं होतं. बाबा शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणाले, "गोदीवाल्याला मी कशात दुखावलं, कळलं नाही बघ." मी तिथेच बसलो होतो. औषधाची बाटली हलवत होतो. बोललो नाही.

हेच लिहायचं होतं. लिहिलं.

थोडं पाणी पिऊन आलो.

मध्यंतरी त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पुन्हा काढला होता. आधीही वाचला होता, पण तेव्हा मी आपली गल्ली शोधत होतो. या वेळी मेलेल्यांची बेरीज बघत बसलो. दोन्ही महिन्यांचे मिळून ९०० जीव. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ कोण ते कळलं नाही, ५ इतर. ३५६ पोलिसांच्या गोळीबारात, ३४७ भोसकून, ९१ जाळपोळीत. ती माणसं भाषणं करणारी नव्हती. कामावर जाणारी, कामावरून येणारी, घरात झोपलेली. आमच्याकडे जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीचं नाव सगळ्यांना पाठ आहे, जिथे हिंदूंना घरात जाळलं; तुमच्याकडे सुलेमान बेकरीचं, जिथे पोलिसांच्या गोळ्यांनी मुसलमान मेले. दोन्ही नावं एकाच तोंडून मी फार कमी वेळा ऐकली.

आणि हे बघ, जे सापडलेच नाहीत ते १६८. सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२२चा निकाल आहे. त्यातल्या फक्त ६० घरांना भरपाई मिळाली होती, कारण बाकी १०८ घरांचे पत्ते सरकारला मिळाले नाहीत की कागद पुरे झाले नाहीत. न्यायालयाने सांगितलं, त्यांना शोधा, दोन लाख द्या आणि २२ जानेवारी १९९९पासून नऊ टक्के व्याज द्या. मला ते वाचताना चाचांचं रेशनकार्ड आठवलं. आपल्या चाळीच्या पत्त्यावरचं कार्ड मुंब्र्यात चालेना, आणि इकडे येऊन सही आणायला चाचा तयार नाहीत. दोन वर्षं तुम्ही रॉकेल जास्त पैसे मोजून घेतलंत, हे तूच मला कितीतरी नंतर सांगितलंस, तेही हसत. ज्याच्या घरातला माणूसच गेला त्याने घर बदलायचं, तीस वर्षं पत्ता कळवत राहायचं, आणि शोधणाऱ्याने म्हणायचं की पत्ता सापडत नाही. संताप येतो.

आईची खानावळीची वही आहे अजून. जानेवारी ९३चं पान. अकरा नावं, त्यातली सात त्या पंधरवड्यात गाड्यांना लटकून गावी गेली ती परत आली नाहीत. उधारी तशीच. मी एकदा म्हटलं फाडून टाक, तर म्हणाली, "पैशांचं राहू दे, पोरं पोचली का तेवढं कळायला हवं होतं." तुझं नाव त्या पानावर नाही, हक्काने फुकट जेवायचास.

त्या रात्रीचं राहिलं. धाकट्याने मेसेज टाकला होता. त्या पोराने अंगठा पाठवला, बस. मला घरात बसवेना. अकराला बी विंगमध्ये गेलो, बेल वाजवली. त्याच्या वडिलांनी साखळी न काढता दार उघडलं. मला ओळखल्यावर काढली. मी म्हणालो, कमिटीचं वगैरे काही नाही, मीच चुकीचं बोललो, तुम्ही दोघं खाली चला, एकत्र बसू. ते फार सभ्यपणे हसले. "राहू द्या हो, त्याचा उद्या पेपर आहे," म्हणाले. पेपर नव्हता. आमच्या धाकट्याचा नसेल तर त्याचा कुठून असणार? मग चहा घ्या म्हणाले. मी घेतला. आत सोफ्यावर ते पोरगं बसलं होतं, पायात बूट तसेच.

गेटवर रात्रभर कुणी आलं नाही. दोन कुत्री आणि पहाटे दूधवाला.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून बोललो. भिवंडीचं सांगितलं. तुझी फुफी, म्हणजे आत्या, तेव्हा भिवंडीहून निरोप पाठवायची, "इकडे सगळं ठीक आहे, तुम्हीच इकडे या," आणि आपल्याला खोटं वाटायचं. १९७० आणि ८४ला जळालेलं गाव, आणि ९२ला शांत! तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीची काही वर्षं मोहल्ला कमिट्या बसवल्या होत्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस ठाण्यातले पोलीस एका सतरंजीवर. अफवा आली की ज्याच्याबद्दल आली त्यालाच विचारायचं, इतकं सोपं. मी म्हटलं, आपणही निदान एवढं करू, ग्रुपवर काही आलं की आधी बी विंगला विचारू. दोघांनी मान हलवली. एकजण म्हणाला, आधी गेटला कॅमेरा बसवू. वर्गणी कॅमेऱ्यासाठी निघाली. मी पुन्हा बोलणार आहे.

मीटिंगनंतर धाकटा म्हणाला, "हे मोर्चे, मिरवणुका, सगळंच बंद करायला पाहिजे." त्यावर मात्र मी त्याला बसवून घेतलं. तुला २०१८चा मार्च आठवतो? नाशिकहून शेतकरी चालत आले, १८० किलोमीटर. सायनच्या सोमय्या मैदानात थकून टेकले होते, सकाळी आझाद मैदानाकडे निघणार होते. पण १२ तारखेला दहावीचा पेपर होता, म्हणून मध्यरात्रीच उठून चालायला लागले, मुलांना वाट मोकळी राहावी म्हणून. आमच्या थोरलीचा तोच पेपर. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो होतो, एका आजीबाईच्या तळपायाची साल निघालेली, आणि ती मलाच विचारते, "पोरीचा अभ्यास झाला का?" धाकट्याला म्हटलं, मोर्चा हाही आहे. रस्त्यावर उतरलेल्या माणसाला घरातल्या माणसाची आठवण आहे की नाही, तेवढं बघायचं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणि त्या रात्री तुम्ही मला खोटं का बोलायला लावलंत?"

मी त्याला तुझं सगळं सांगितलं. तुझ्या आधी त्याला सांगितलं, त्याबद्दल रागावू नकोस. खूप वेळ गप्प बसला, आणि विचारलं, "त्यांना माहीत आहे?" म्हणून हे पत्र.

आता खरा प्रश्न. चाचांना मी सांगू का? ऐंशी ओलांडली त्यांनी, कानाला कमी येतं म्हणतोस. त्यांच्या मनात माझ्या बाबांबद्दल जे बसलंय ते काढावं असं मला फार वाटतं. बाबांसाठी वाटतं. पण त्यात माझंच ओझं उतरवायचा स्वार्थ आहे का, तेही कळत नाही. कदाचित चाचा विसरलेही असतील आणि मी उकरून काढेन. कदाचित त्यांना सगळं आठवत असेल आणि बाबा गेल्याचं कळूनही ते का आले नाहीत, ते मला त्यांच्याकडून ऐकावं लागेल. ऐकेन. ठरव तू. तुझ्या घरातलं तुला कळतं. तू नको म्हणालास तर हा विषय तुझ्या-माझ्यात राहील, पण मग "जाऊ दे रे" म्हणून नको, विचार करून नको म्हण.

तू मुख्याध्यापक झालास हे तिसऱ्याकडून कळलं, अभिनंदन, शाळेतली पोरं सुखरूप असोत. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी? धाकटीच्या लग्नाचं बघताय म्हणे, कळव.

कांबळीबद्दल एक कबूल करायचं राहिलं. त्या फेब्रुवारीत वानखेडेवर त्याने इंग्लंडविरुद्ध २२४ काढल्या तेव्हा मी रेडिओशी एकटा होतो. तू म्हणायचास हा सचिनपेक्षा मोठा होणार, आणि मी तुझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. त्या दिवशी दीडशे झाल्यावर मी सवयीने तुमच्या दाराकडे बघून ओरडलो. कुलूप होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी रिकामा आहे. ये म्हणालास तर येतो, नाहीतर तू सांगशील तेव्हा.

तुझा,
(लाटणेवाला)

ता. क. थोरलीला नोकरी लागली, ते सांगायचंच राहिलं. ती म्हणते चाचींना फिरनीची आठवण दे.