रेणुकास पत्र

चि. रेणुकास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी कापला. रेंज गेली असं आईला सांगितलं, पण तिला कळलंच. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

वकिलांच्या मोठ्या फर्मची मुलाखत सोडलीस, गरिबांच्या केसेस लढायच्या म्हणतेस, याचा राग नाही. महिन्याला हातात किती पडणार, एवढंच विचारायचं होतं. विचारताना आवाज चढला. चुकलं माझं.

तू पाठवलेलं कॉलेजातल्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आम्ही दोनदा ऐकलं. त्या वकीलबाईंनी १९७९ ची हुसैनारा खातून केस काय समजावून सांगितली! बिहारच्या तुरुंगांत माणसं खटला न चालताच पडून होती. काही जण तर गुन्ह्याला जेवढी शिक्षा असते त्याहून जास्त वर्षं आत. पेपरातली बातमी वाचून वकील कपिला हिंगोरानी त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात गेल्या. त्याच साली मी गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागलो. भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तर काम, नाहीतर भरलेला डबा तसाच घरी. कुणी आपल्यासाठीही कोर्टात जाऊ शकतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग शेवटी तुझा आवाज आला. "मॅडम, पहिली पाच वर्षं घरभाडं कशातून भरलंत?" सगळे हसले. मी आईला म्हटलं, बघ, माझाच प्रश्न विचारला पोरीनं. बाईंनीही लपवलं नाही. तिघींत एक खोली, रात्री कागदपत्रांची भाषांतरं. रेणू, तुझ्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे गं.

तुला वकीलकाका आठवत नसतील. गिरणी बंद पडल्यावर आमची थकलेली देणी त्यांनी लढवली. तारखेच्या आदल्या रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभ्यानं मुंबई गाठायचे. तिकिटाला आम्ही वर्गणी काढायचो. फीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही आणि आम्हीही नाही. मिळालेल्या देण्यांच्या पैशातून ताईचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. ते गेले तेव्हा दारावर गेलो. भाड्याच्या दोन खोल्या, छतापर्यंत फायली, आणि फळीवर किराणा दुकानाच्या उधारीची वही. ती वही अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यांच्यासारखं कुणीतरी व्हायला हवं, हे मला कळतं. ते माझ्याच लेकीनं का व्हावं, एवढंच कळत नाही.

परवा तुला न सांगता जिल्हा कोर्टात जाऊन आलो. विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात एका मुलानं नीट बसवून सांगितलं. २०२२ च्या योजनेत गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ वकील नेमतात, दरमहा ठरावीक मानधन असतं, पण बाहेरची केस घेता येत नाही. महिलांना, कामगारांना, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, तो कायदा १९८७ चा, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे आमच्या देण्यांच्या केसच्या वेळी कायदा होता, सांगणारं कुणी नव्हतं. मानधन विचारून घेतलंय. भेटलीस की बोलू. त्यातल्या वरच्या पदांना अनुभव लागतो म्हणे, तेवढी वर्षं एखाद्या चांगल्या सीनियरकडे काढ. बघ, पुन्हा सांगायला लागलो.

आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत ऐकत होती. पान कापता कापता म्हणाली, "जन्मभर कारखान्यानं छाट, म्हणजे खराब, म्हणून माझ्या विड्या बाजूला काढल्या, त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. ते विचारणारी पोरगी आहे, तिला अडवू नका." मी गप्प बसलो. तुझी बाजू कोर्टात मांडायला तिला पाठवायला पाहिजे.

तू फोनवर म्हणालीस, ऑल्गा टेलिस केसमध्ये कोर्टानं १९८५ साली सांगितलं की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. फुटपाथवरच्या माणसाला पोट आहे तसं वकिलालाही असतंच ना, बाळा?

शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला ये, काळ्या कोटाचं माप इथेच देऊ. कापड मी आणून ठेवलंय.

त्या बाई परत कॉलेजात आल्या तर एवढं विचार, सहाव्या वर्षी काय मिळू लागलं? उत्तर मला सांग, आईला नको.

तुझे,
अण्णा